दोन बोटं पाणी

भूपालअण्णांना "तब्येत कशी हाय?" असं कधी विचारू नये. विचारलं, की ते हातातली काठी जमिनीवर टेकवतात, घसा साफ करतात आणि नदीची तब्येत सांगतात.

"आज जरा अशक्त हाय. परवा घोट्याच्या वर हुती, काल घोट्यावर आली, आज बगितलं तर घोट्याखाली. आनि अंग कोमट लागतंया."

आमच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं मन लावून टिपून घेतलं, अण्णांचे दोन्ही घोटे दाबून बघितले आणि सूज बरीच उतरलीय म्हणून समाधान व्यक्त केलं. तरी एकदा तपासणी करून घेऊ, म्हणाल्या. अण्णा म्हणाले, "घ्या की, बाटली संगंच आनलीया." आणि पिशवीतून कृष्णेच्या पाण्याची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. बाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं. अण्णा मात्र "रिपोर्ट कवा मिळंल?" म्हणून बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून होते. शेवटी त्यांना उठवून घरी न्यायला मला जावं लागलं. मलाच जावं लागतं, नेहमी.

मी सैन्यातून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. गावी येऊन दोन एकर ऊस बघायचा आणि कुणाचं काही ऐकून घ्यायचं नाही, एवढाच माझा बेत होता. पण फौजेत लिहायचं काम केलेला माणूस गावाला फुकट मिळतोय म्हटल्यावर गाव सोडतंय होय? पाणीपुरवठा संस्थेचा सेक्रेटरी म्हणून मला एकमतानं बसवलं. कराडच्या खाली आणि सांगलीच्या वर नदीकाठाला जी असंख्य गावं आहेत, त्यांतलंच आमचं एक. नदीत आमच्या संस्थेची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर आहे, तिच्यावर एक मोठी मोटर. पाळी ठरलेली असते, आणि आपापल्या पाळीला ज्यानं त्यानं पाणी घ्यायचं. पाळीपत्रक मी करतो आणि शिव्याही मीच खातो. त्यातल्या निम्म्या शिव्या अण्णांमुळं असतात.

अण्णांचं घर जॅकवेलच्या किंचित खाली, अगदी काठावर. घरासमोर नदीत काळ्या दगडांची एक ओळ आहे. पाणी भरपूर असलं, की ते त्या दगडांवरून खळखळत खाली उतरतं. उन्हाळ्यात पाणी कमी झालं आणि वर आमची मोटर ओढायला लागली, की दगड उघडे पडतात आणि पाणी कडेच्या सांदीतून मुकाट्यानं निघून जातं. यातल्या सगळ्यात मोठ्या दगडावर अण्णांनी लाल ऑइलपेंटनं एक आडवा पट्टा ओढलाय. ही अण्णांची खूण. पाणी ह्या खुणेच्या खाली गेलं, की मोटर बंद झाली पाहिजे, मग पाळी कुणाचीही असो. ही त्यांची मागणी, आणि ती ते दर वार्षिक सभेत मांडतात.

"आपुन समद्यांनी पाळ्या लावून घेतल्या. नदीची पाळी कंची? तिला बी पोट हाय. लिवून घ्या."

हे 'लिवून घ्या' माझ्यासाठी असतं. मी लिहून घेतो. मग सभा नामंजूर करते. मी तेही लिहून घेतो. मग अण्णा मला लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावतात, आणि चहा गार होतो.

मोजमापाची त्यांची हत्यारं सांगतो. एक बांबूची काठी. एक ताप बघायचं थर्मामीटर, जे पाण्यात बुडवून बुडवून आता कुणाच्याच कामाचं राहिलेलं नाही. आणि दोरी बांधलेलं स्टीलच्या डब्याचं झाकण. हे झाकण ते पाण्यात सोडतात आणि किती खोलवर दिसतं ते बघतात. पाणी गढूळ झालंय की नाही हे त्यावरून कळतं. सगळं माप बोटांत. चार बोटं, दीड बोट, अर्धं बोट. मी एकदा म्हणालो, "अण्णा, सेंटीमीटरची पट्टी आणून देतो की." तर म्हणाले, "पट्टी हरवती. बोटं कुटं हरवत न्हाईत."

पूर्वी हे सगळं तोंडी चालायचं, ते एक वेळ परवडलं. नंतर अण्णांच्या थोरल्या मुलीनं त्यांना मोबाईल घेऊन दिला आणि मी माझ्या हातानं, माझ्या कर्मानं, त्यांना पाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. तेव्हापासून रोज पहाटे ग्रुपवर नदी. "आज खुणेच्या वर तीन बोटं. बरी हाय." "आज खुणेवरच. जपा." एकदा गावातल्या एका म्हाताऱ्याच्या निधनाची बातमी ग्रुपवर आली. लोकांनी खाली हात जोडले, फुलं वाहिली. त्यातच मधे अण्णा: "आज खुणेखाली दीड बोट. लय वाईट बातमी." मयताच्या पोरानं मला फोन करून विचारलं, की ह्यांना ग्रुपमधून काढताय, का मी निघू?

घरगुती कामांतही त्यांची नदी आडवी येते. माझ्या पुतणीला म्हसवडकडचं स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीला, माणसं लाख. बैठकीला शेजारचे वडीलधारे म्हणून अण्णांना बसवलं. सगळं जुळत आलं, सुपारी फोडायची वेळ आली, आणि अण्णांनी नवऱ्या मुलाच्या वडलांना विचारलं, "तुमच्याकडं नदी कशी हाय?"

ते बिचारे हसून म्हणाले, "आमची माणगंगा. पावसाळ्यात दिसली तर दिसली. एरवी वाळूच की."

अण्णांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हवालदार, पोरगं चांगलं हाय. पर नदी आजारी असती तर एक डाव चाललं असतं. हितं तर नाडीच लागंना."

लग्न झालं. पुतणी सुखात आहे. पण तिचे सासरे अजून मला भेटले, की "काय, तुमचे नदीचे वैद्य काय म्हणतात?" असं विचारतात, आणि मला हसावं लागतं.

गेल्या वर्षी पुण्याहून एका कॉलेजच्या मॅडम आल्या. बरोबर दोन विद्यार्थिनी, जाळ्या, बाटल्या आणि पाण्याचा वेग मोजायचं यंत्र. नदी निरोगी आहे का, आणि ती जिवंत राहायची तर उन्हाळ्यात तिच्यात निदान किती पाणी शिल्लक राहिलं पाहिजे, हे त्यांना ठरवायचं होतं. मी मनात म्हटलं, घ्या, हे दुखणं आता पुण्यापर्यंत पसरलं. आणि त्यांना थेट अण्णांच्या दारात नेऊन सोडलं. वाटलं होतं, चला, निदान ही डोकेदुखी तरी दुसऱ्या कुणाच्या तरी माथी गेली.

पहिल्या दिवशी त्यांनी दगड उलटे केले. दगडांच्या खालच्या अंगाला बारीक किडे असतात. कुठले किडे आहेत आणि किती आहेत, त्यावरून म्हणे पाण्याची प्रकृती कळते. विद्यार्थिनींनी ते किडे चिमट्यानं उचलले आणि स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उघडलं. अण्णा ओरडलेच.

"आवं, आवं! जीव हायती ते!"

अण्णा जैन. चालताना मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारा माणूस. मॅडमनी समजावून सांगितलं, की किडे घेऊन जाऊन भिंगाखाली बघावे लागतात. अण्णांनी भिंगच इकडं आणायला लावलं. मग घरातून पांढरी ताटली आणली, तीत पाणी घेतलं, एकेक किडा जिवंत सोडला, बघितला, मोजला. इथवर ठीक. पण मोजून झालेले किडे पोरींनी एका दमात नदीत ओतायला घेतले, तर अण्णा पुन्हा आडवे.

"असं कसं? ह्यो ह्या दगडाचा. त्यो पलीकडच्याचा. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या घरी सोडा."

"आजोबा, सगळे दगड सारखेच असतात त्यांना," एक पोरगी म्हणाली.

"तुला पुण्यातनं उचलून वाईत सोडली, तर चालंल का? घरं सारकीच असत्यात की!"

दोन तासांचं काम संध्याकाळवर गेलं. आणि दिवस कलायला लागला तशी अण्णांनीच घाई मांडली, कारण सूर्य मावळायच्या आत त्यांना जेवायचं असतं. एका हातानं किडे सोडताहेत आणि दुसऱ्या हातानं पोरींना "आवरा, आवरा" म्हणून हाकताहेत. मी काठावर उभा राहून मनातल्या मनात त्या मॅडमची माफी मागत होतो.

पण त्या मॅडम काही वेगळ्याच निघाल्या. वर्षभर येत राहिल्या. अण्णांच्या बोटांच्या नोंदी त्यांनी मागून घेतल्या, पट्टीनं त्यांची बोटं मोजली आणि एका बोटाचं सेंटीमीटरमध्ये माप बसवलं. अण्णांनी हात असा पुढं धरला होता, जसा काही सरकारी सत्कार चाललाय. आणि शेवटी, यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाला, संस्थेच्या सभेत येऊन त्यांनी निकाल सांगितला. मासे, किडे, दगडाखालचं शेवाळ, सगळ्याचा हिशेब घालून त्यांनी मोठ्या दगडावर पांढऱ्या रंगानं एक खूण केली होती. पाणी निदान इथपर्यंत राहू द्या, म्हणाल्या, म्हणजे सांदीतून धार चालू राहील आणि नदी जगेल.

ही पांढरी खूण अण्णांच्या लाल खुणेच्या दोन बोटं खाली होती.

आता तुम्हीच सांगा. इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते झालं होतं. मोटर बंद करायची एक रेषा संस्थेनं मान्य करायची वेळ आली होती. सभासद तयार झाले, कारण लाल खुणेपेक्षा पांढरी परवडत होती. मी ठराव लिहायला पेन उघडलं. अण्णांनी उठून पेढे वाटायचे, तर हा माणूस उठला आणि म्हणाला, "मला मंजूर न्हाई. दोन बोटं कमी पडत्यात."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, माशांना एवढं पुरतं. किड्यांना पुरतं. आपण दोघांनी मिळूनच बघितलंय. तुमच्या दोन बोटांना आधार काय?"

ज्यांना सभेत गप्प बसवायला मी वर्षानुवर्षं धडपडलो, ते अण्णा चक्क गप्प. टोपी काढली, पुन्हा घातली.

"आधार हाय," ते म्हणाले. "पर सांगन्यासारका न्हाई."

सभा हसली. आणि माझा तोल गेला. मी म्हणालो, "आवं अण्णा, हट्टाला काय सीमा? नदीचं भलं झालेलं तुमाला बगवत न्हाई का? का तुमच्याच रंगाची रेघ पायजे? नदीबिदी काय न्हाई, तुमाला नुसता मोठेपना पायजे!"

अण्णा खाली बसले. पांढऱ्या खुणेचा ठराव मंजूर झाला. 'लिवून घ्या' असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रुपवर नदी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पहिला आठवडा मला फार छान गेला. दुसऱ्या आठवड्यात मी उठल्या उठल्या मोबाईल बघायला लागलो. बायको म्हणाली, "बोलायचं ते बोलून बसलासा, आता कशाला वाट बगताय?" मी म्हणालो, वाट कोण बघतंय, मला इतिवृत्तावर त्यांची सही पाहिजे. आणि मे महिन्यातल्या एका दुपारी वही काखेत मारून निघालो. दिवसाची लाईट होती, पाळी माझीच होती, जॅकवेलवर मोटर चालू होती आणि माझा ऊस पाणी पीत होता. नदीत डोकावलो. लाल खूण उघडी पडली होती, पाणी पांढऱ्या खुणेच्या एक बोट वर. सगळं कसं ठरावाप्रमाणं.

अण्णा लांब दगडावर पाठमोरे बसलेले दिसले. मी आधी घरात डोकावलो. सोप्यात कॉटवर अण्णांची बायको, सुनंदाकाकी, पडून होत्या. शुगरनं त्यांचे डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली, आणि मागं खुबा मोडल्यापासून उठणंही संपलं. दोन्ही मुली लांब दिलेल्या. स्वयंपाकपाणी, काकींचं उठवणं-बसवणं, सगळं अण्णाच करतात. हे मला माहीत होतं. म्हणजे गावातल्या सगळ्यांना असतं तसं, माहीत होतं.

"कोन? हवालदार न्हवं?" काकी म्हणाल्या. "पाय आपटत येनारं तुमीच."

"व्हय काकी. अण्णांची सही पायजे हुती."

"ह्ये दगडावर बसल्यात. सबेपास्नं तितंच असत्यात. मोटर चालू हाय न्हवं?"

"हाय. माजीच पाळी हाय आज."

"तरीच," काकी म्हणाल्या. रागानं नाही, नुसतंच. "तरीच मुकी झालीया."

मी विचारलं, कोण मुकी? काकींनी हात खिडकीकडं केला.

"नदी वो. दगडावरनं खाली पडती तवा तिचा आवाज येतुया हितवर. डोळं गेलं तवापास्नं मला तेवडाच एक आधार. आवाज चालू असला की वाटतं, घरात कोन तरी वावरतंय. ह्ये बाजारला जाऊ द्यात, सबेला जाऊ द्यात, मी एकटी न्हाई. आनि आवाज थांबला की वाटतं, समदी उटून गेली, आनि मी तेवडी ऱ्हायली."

मी वही घेऊन कॉटशेजारी टेकलो.

"ती लाल खूण कशी केली, ठावं हाय का?" काकी हसल्या. "आपलीच पाळी हुती, असाच उनाळा. ह्यांनी मोटर बंद केली, दगडावर जाऊन हुबं ऱ्हायलं, आनि पानी चडंल तसं तितनं वरडाया लागलं, 'आलं का? आता आलं का?' मी हितं पडून. ऐकू आलं की ताटली वाजवायची, असं ठरलेलं. दुपारभर खेळ चालला. ताटली वाजली, तितं ह्यांनी पट्टा वडला."

"मग हे सबेत सांगायचं की, काकी!"

"मी बी त्येच म्हनलं. तर म्हनत्यात, नदीसाटी मागितलं तर लोकं मला खुळा म्हनत्यात, म्हनू द्यात. बायकूसाटी मागितलं तर हसतील. आनि हसतील ते तुला."

मला माझी लाज वाटली. मोठेपणा पाहिजे, म्हणालो होतो मी. भरल्या सभेत.

मी उठलो, तडक जॅकवेलवर गेलो आणि मोटर बंद केली. मोटरचा आवाज थांबला तसे अण्णा दगडावरून वळले आणि काठी टेकत टेकत वर आले. वाटलं, आता काही तरी चांगलं बोलतील.

"का बंद केली? पाळी हाय की तुमची अजून."

"पाणी खुणेखाली गेलंय, अण्णा."

"खोटं. पांडऱ्या खुणेच्या वर एक बोट हाय. मी आत्ताच बगितलं. ठराव म्हंजी ठराव. चालू करा."

"लाल खुणेखाली गेलंय."

"लाल खूण नामंजूर हाय. तुमीच लिवलंय!"

ह्या माणसापुढं डोकं आपटून घ्यावं, असं मला नेहमी वाटतं, तेव्हाही वाटलं. मी ओरडलोच, "माजी पाळी, माजा ऊस! मी वाळवीन न्हाई तर जाळीन! तुमाला काय करायचंय?"

अण्णांनी माझ्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं. मग माझ्या काखेतल्या वहीकडं, मग घराकडं. काय समजायचं ते समजले असावेत. "च्या घेनार का?" एवढंच म्हणाले.

पुढच्या सभेत लाल खुणेचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. आधार विचारला तर काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही. फौजेतलं काही तरी ठोकून देईन.

त्या दुपारी मग तासभर आम्ही सोप्यात बसलो. काकींना अण्णांनी पाठीला उशी देऊन बसतं केलं, बशीत चहा ओतून गार केला आणि पाजला. मी इकडच्या तिकडच्या गप्पा काढत होतो. उसाचं, पुतणीचं, लाईटचं. बोलता बोलता काकींनी एकदम हात वर केला.

"गप बसा जरा."

मी कान दिले. मला काही म्हणजे काही ऐकू येईना. तोफांच्या शेजारी नोकरी केलेले कान माझे. म्हणून मी खिडकीतून नदीकडं बघायला लागलो, पाणी लाल खुणेला लागलं की नाही ते दिसतंय का म्हणून. इतक्या लांबून तेही धड दिसेना. आता अण्णांनाच विचारावं म्हणून मी वळलो.

अण्णा नदीकडं बघतच नव्हते. हातातली रिकामी बशी तशीच धरून ते काकींच्या चेहऱ्याकडं बघत होते.